काळोख्या स्वयंपाकघराचा रंग: नोंदी

४ मे २०२५, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं, नाहीतर न्हाणीघराच्या टाइल्सचं झालं तसं होतं, कुठला नंबर घेतला ते घरात कोणालाच आठवत नाही. काम एवढंच, चतुर्थीच्या आत स्वयंपाकघर रंगवायचं. देवगड तालुक्यातलं चिऱ्याचं जुनं घर, कौलारू, स्वयंपाकघर मागच्या बाजूला ११ बाय १४ फूट. एक खिडकी उत्तरेला, एक दार पूर्वेला, पण दाराबाहेर मागची पडवी आणि पडवीच्या पुढ्यात फणस. वर छप्पर इतकं खाली उतरलेलं की पडवीत माझा नवरा वाकूनच फिरतो. म्हणजे ऊन आत यायला कुठूनच वाट नाही, आणि ते मुद्दामच तसं बांधलंय, पाऊस आत येऊ नये म्हणून, त्यामुळे कोणाला बोल लावायची सोय नाही.

सध्याचा रंग पोपटी डिस्टेंपर, त्यावर चुलीची पंधरा वर्षांची काजळी. फोनवर उजेड मोजायचं अ‍ॅप टाकलं. दुपारी १२ ला खळ्यात (अंगणात) जवळपास एक लाख लक्स, स्वयंपाकाच्या कट्ट्यावर ६०. परत मोजलं, तेवढेच. फोनचं अ‍ॅप म्हणजे काही प्रयोगशाळा नाही पण साठ म्हणजे साठच, त्यात मी अकरा वर्षं तांदूळ निवडतेय.

मुंबईच्या दादांनी (मोठे दीर) व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. गडद हिरवी कपाटं, राखाडी भिंती, पितळी हँडल. छान आहेत. पण त्या प्रत्येक फोटोत एक अख्खी भिंत काचेची आहे हे त्यांना दिसलं नसावं.

आई (सासूबाई) एवढंच म्हणाल्या, "रंग बदललो म्हणान काय भात बेगीन शिजतलो?"

१२ मे

सकाळपासून ढग, वळवाचे. बरं झालं, ढगाळ दिवसाचा आकडा हवाच होता. बाहेर ९,०००, कट्ट्यावर ३८. हा आकडा खरा धरायचा, कारण आमच्याकडे वर्षाचे चार महिने असेच असतात आणि त्यात लाईट जाते.

खिडकी उत्तरेची का वाईट त्यावर नवऱ्याशी वाद झाला. त्याचं म्हणणं, मे महिन्यात सूर्य उत्तरेला येतो मग ऊन यायला पाहिजे. येतो, बरोबर आहे, आमच्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सावली पायाखाली जाते आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या जरा उत्तरेलाच असतो. पण ते ऊन वरून येतं, ते पागोळीच्या पत्र्यावरच अडतं. संध्याकाळी पाचनंतर एक तिरकी पट्टी येते खरी, ती खिडकीतून आत न येता भिंतीच्या जाडीवरच संपते. भिंत सव्वा फूट जाड. आणि त्या जाडीला आतून कोणीतरी कधीतरी चॉकलेटी ऑइलपेंट मारलाय, का ते देवालाच माहीत.

नोंद: खिडकीच्या जाडीचा आतला भाग सगळ्यात आधी पांढरा. याला रंग लागणार पाव लिटर.

१६ मे

शाकारणी चालू झाली, त्यामुळे एक डोकं चाललं. कौलं उतरवणारच आहेत तर आतली बाजू खळ्यात धुऊन चुना मारून मगच परत चढवायची. स्वयंपाकघरावरची तीनशेच्या आसपास कौलं. गडी माझ्याकडे असे बघत होते की जणू मी म्हशीला पावडर लावायला सांगितलंय. पण कौलांची आतली बाजू म्हणजेच आमचं सिलिंग, आणि ते डांबरासारखं काळं. भिंतीला कितीही गोरा रंग द्या, वर काळं आभाळ ठेवलं तर उजेड तिथेच गडप होणार.

पीव्हीसीचं सिलिंग दादा देतो म्हणाले होते, बिलासकट. नको म्हटलं. त्याच्या वर उंदीर, उंदरांच्या मागे धामण, आणि काचेची कौलं झाकली जाणार ती वेगळीच.

वासे आणि रिपा मात्र तशाच काळ्या ठेवल्या. आईंचं म्हणणं धुराने लाकडाला भुंगा लागत नाही, आणि सत्तर वर्षांचे वासे अजून उभे आहेत तर मी कशाला वाद घालू.

काचेची कौलं आधी एक होतं, तेही हिरवं झालेलं. आता चार. दोन कट्ट्यावर, एक मधोमध, एक चुलीच्या कोपऱ्यावर.

२५ मे

मान्सून आला. २५ मेला! देवगडात! बातम्यांत आपलं नाव आलं पण आमच्या आंब्याच्या शेवटच्या पेट्या भरायच्या राहिल्यात आणि चिरे वाळायच्या आत भिजले. रंग मेमध्ये उरकायचा बेत बुडाला. पेंटर काकांचा फोन, "वहिनी, आता भिंत वाळेपर्यंत ब्रश लावूचा नाय." त्यांचं बरोबर आहे. ओल्या चिऱ्यावर प्लास्टिक पेंट मारला की आतलं पाणी बाहेर पडायला बघतं आणि रंग पोपड्यांनी सुटतो, ओटीवर दोन वर्षांपूर्वी तेच झालंय.

१ जून

चार काचांनंतर ढगाळ सकाळ, बाहेर पुन्हा ९,००० च्याच घरात. कट्ट्यावर ११०. तीनपट! अजून रंगाचा एक थेंब लागलेला नाही.

भाचा सुट्टीला आलाय, इंजिनिअरिंगला आहे, त्याने कारण सांगितलं. पूर्ण ढगाळ आभाळ सगळीकडे सारखं उजळ नसतं, डोक्यावरचा भाग क्षितिजाजवळच्या भागाच्या साधारण तिप्पट उजळ असतो. खिडकीला दिसतं ते क्षितिज, तेही फणसाच्या मागचं. कौलाला दिसतो तो माथा. मग कागदावर अजून एक दाखवलं, ते मला फार आवडलं: खोलीतल्या सगळ्या बाजू मिळून सरासरी निम्मा उजेड परत फेकत असतील, आणि ते निम्म्यावरून सत्तर टक्क्यांवर नेलं, तर भिंतीवरून भिंतीवर उड्या मारत मिळणारा उजेड दुपटीच्याही वर जातो. कारण प्रत्येक उडीत थोडं थोडं वाचत जातं. व्याजावर व्याज, असं मी समजून घेतलं.

रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा असतो, एलआरव्ही म्हणतात, शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पूर्ण पांढरा. काही कंपन्या वेबसाइटवर देतात. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला तसली क्वालिटी आमच्याकडे येत नाही.

४ जून

फजिती. चुना कौलांना मारला तेव्हा घाईत डिंक घालायचा राहिला. आता वाऱ्याने कौलं हलली की वरून बारीक पांढरी भुकटी पडते. काल घावनाच्या पिठात पडली, कोणाला कळलं नाही, आज आईंच्या चहात पडली, ते सगळ्या वाडीला कळलं. कट्ट्याच्या वर जुनी नऊवारी ताणून बांधलीय, म्हणजे काचेतून येणारा उजेड पुन्हा अडला. पाऊस उघडला की शिडी लावून डिंकाच्या पाण्याचा फवारा मारायचा.

२२ जून

पाट्यांचा प्रयोग. शेड कार्डाच्या नखाएवढ्या तुकड्यावर विश्वास नाही, म्हणून प्लायवूडच्या सहा पाट्या, दोन बाय दोन फूट, प्रत्येकीला दोन हात, कडेने दोन बोटं पांढरी मोकळी सोडली म्हणजे शेजारचा पोपटी डोळ्यात घुसत नाही. पाटी आडवी ठेवून बघायची नाही, भिंतीला उभी लावायची. एक खिडकीच्या भिंतीला, मग समोरच्या, मग कोपऱ्यात. सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी साडेसहा, आणि रात्री ट्यूबखाली.

पाटी १, झगझगीत पांढरा. माझी पैज याच्यावर होती. दुकानात बर्फासारखा, आमच्याकडे पावसात ओल्या सिमेंटसारखा. पांढऱ्याला स्वतःचं काही नसतं, जो उजेड पडेल तो दाखवतो, आणि इथे पडतोच मुळात कमी आणि मळका.

पाटी २, लिंबाचा पिवळा. "काळोख्या खोलीला पिवळा द्या" हे सगळेच सांगतात. हा पाहिला आणि मला कावीळवॉर्ड आठवला. कारण कळायला मला दोन दिवस लागले. दारातून येणारा उजेड फणसाच्या पानांतून गाळून येतो, आणि खिडकीसमोरची गडग्याची भिंत पावसात शेवाळाने हिरवीगार होते. आत येणारा उजेडच हिरवट! मेमध्ये हाच गडगा तांबडा असतो, तेव्हा हीच पाटी छान दिसली असती. मेमध्ये रंग लावला असता तर चार महिने हिरव्या तोंडाने स्वयंपाक केला असता. पाऊस लवकर आला ते बरंच झालं म्हणायचं, पेट्या सोडून.

पाटी ३, फिकट पिस्ता. बोलायलाच नको.

पाटी ४, क्रीम. एकटी पाटी उत्तम. पण कोपऱ्यात दोन पाट्या काटकोनात धरल्या तर मधला भाग एकदम पिवळा. चारही भिंती एकाच रंगाच्या झाल्या की त्या एकमेकींना रंग देत बसतात, आणि खोली कार्डावरच्यापेक्षा गडद निघते. म्हणून जो आवडला त्याच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या फिकट घ्यायचा.

पाटी ५, पांढऱ्यात अगदी चिमूटभर गेरू. हा मी घरीच कालवला, पेंटर काकांच्या बादलीत, एक लिटरला एक छोटा चमचा असेल. गुलाबी नाही, पांढराही नाही, शहाळ्याच्या मलईला तांबूस झाक असावी तसा. हिरवट उजेडात हा राखाडी पडला नाही. तांबूस झाक हिरव्याला मारते असं माझं गणित.

पाटी ६, दादांसाठी म्हणून राखाडी. भाच्याने त्यावर पाल काढली, अर्धा तास कोणाला दिसली नाही.

२९ जून

आईंना पाच नंबर दाखवला. "ह्यो पांढरोच मां?" म्हणाल्या. मग एक नंबर दाखवला. "ह्यो पण पांढरोच." मी म्हटलं आई, दोन्हीत केवढा फरक आहे. त्यांनी पाटीला नाक लावून बघितलं आणि भाकरी उलटायला गेल्या.

त्यांनी लहानपणीचं सांगितलं ते लिहून ठेवते. चतुर्थीआधी भिंतीला चुना, चुन्यात निळीची पुडी, आणि खाली हातभर गेरूचा पट्टा. नीळ कशाला, तर चुन्याचा पिवळेपणा मरून तो जास्त पांढरा वाटतो. उन्हातल्या ओटीला ठीक, पण आतल्या काळोख्या खोलीत निळीने थंडपणाच येणार. गेरूचा पट्टा मात्र मला पटला. खालचा तीन फूट भाग तसाही पायांचा, झाडूचा, कोकमाच्या शिंतोड्यांचा, तिथे पांढरा म्हणजे रोज पुसत बसा. आणि उजेड वरून आणि खिडकीतून येतो, तो खालच्या पट्ट्यावर सगळ्यात कमी पडतो, त्यामुळे तिथे गडद रंग दिला तरी फार काही बुडत नाही.

१३ जुलै

दिव्यांचा विषय. लाईट असताना काय. सध्याची ट्यूब ६५०० केल्विनची, निळसर (हा उजेडाच्या छटेचा आकडा, कमी तेवढा पिवळा, जास्त तेवढा निळा). काल बाजारातून बांगडे आणले, घरी येऊन कल्ले उघडले तर तपकिरी. मी जवळजवळ परत करायला निघाले होते, खळ्यात नेऊन बघितले तर लालभडक, ताजे. स्वस्त एलईडीत लाल कमी असतो, त्यामुळे लाल वस्तू मेल्यासारख्या दिसतात. बॉक्सवर सीआरआय म्हणून आकडा असतो, रंग किती खरे दिसतात त्याचा, ९० किंवा त्याच्या वरचा बघायचा. ज्याच्यावर लिहिलेलाच नाही तो घ्यायचा नाही.

तीन बल्ब आणले, २७००, ४००० आणि ६५००. टेस्ट म्हणून कट्ट्यावर सोलकढीचा ग्लास. ६५०० खाली सोलकढी धुण्याच्या पाण्यासारखी. २७०० खाली जरा जास्तच लोभस, पण भिंतीची पाच नंबरची पाटी पार पिवळी आणि भाजी करपायला लागलेली कळेना. ४००० चा, सीआरआय ९०: सोलकढी सोलकढीसारखी. फळीच्या खाली पट्टीचा दिवा घ्यायचा, कारण छताला लावला की आपलीच सावली आपल्या हातावर, विळीवर बसलं की तर काहीच दिसत नाही.

२० जुलै

तालुक्याला डोळे तपासायला नेलं आईंना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात पिकत आलेला. आणि मी पाट्या दाखवत बसले होते!

डॉक्टरांनी समजावलं. साठीच्या डोळ्याच्या आत विशीच्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, आणि भिंग पिवळं पडल्यामुळे निळे रंग आणि फिकट फरक कळत नाहीत. मोतीबिंदू म्हणजे त्याच्याही पुढे, त्यात चकाकी सहन होत नाही, उजेड पसरतो. ऑपरेशन पावसानंतर, आईंचा हट्ट, चतुर्थीला डोळ्याला पट्टी नको.

घरी येताना एसटीत मी सगळं नव्याने जुळवत होते. मी काळा ग्रॅनाइटचा कट्टा काढून पांढरा करायच्या मागे होते, काळा उजेड खातो म्हणून, आणि आई दोन महिने नाही म्हणतायत. मला वाटलं डाग दिसू नयेत म्हणून. आज विचारलं तर म्हणाल्या, "काळ्यार खोबरा दिसता. पांढऱ्यार माका गावाचा नाय." त्या काळ्या कट्ट्यावर तांदूळ निवडतात, पांढरं ताट ठेवतात, खोवलेला नारळ हाताने गोळा करतात. पांढऱ्या कट्ट्यावर पांढरी वाटी त्यांना दिसलीच नसती. मिठाची बरणी म्हणे डोळे मिटून गावते, ते सगळ्यांना सांगतात, आता कळलं का सांगतात.

कट्टा काळाच राहणार. उजेड खातो तर खाऊ दे.

बदललेल्या गोष्टी: भिंतीला चकचकीत रंग नाही. पेंटर काका ग्लॉस सुचवत होते, पुसायला सोपा. पण वरच्या काचेचा उजेड ग्लॉसवर चमकून त्यांच्या डोळ्यात जाईल, आणि आमच्या चिऱ्याच्या गिलाव्याचे उंचवटे बाजूच्या खिडकीतल्या उजेडात सगळे उठून दिसतील ते वेगळं. मॅट घ्यायचा, धुता येणारा. दाराची चौकट भिंतीसारखीच फिकट करणार होते, ती आता गेरूची, कारण उंबऱ्याला त्या दोनदा अडखळल्यात.

३ ऑगस्ट

चूल. हे लिहायला नको वाटतं पण लिहिते. चूल आत राहिली तर सहा महिन्यांत सगळं काळं, मग कशाला एवढा उद्योग. मागच्या पडवीत न्यायची म्हटलं. आई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी, "माका हयसरच व्हयी," एवढंच. मग नवऱ्याने पडवीत आडोसा करून दिला, चुलीला उंची दिली म्हणजे वाकायला नको, आणि बाजूला बसायला पाट. पहिली भाकरी करून बघितली आणि म्हणाल्या वारो बरो येता. आज चूल गेली.

१७ ऑगस्ट

श्रावणाची उघडीप, तीन दिवस सलग ऊन. पेंटर काका हजर.

काजळी नुसती झाडून जात नाही. धुण्याचा सोडा गरम पाण्यात, काथ्याने घासलं, दोनदा. तरी चुलीच्या कोपऱ्यात पिवळट डाग राहिले. त्यावर थेट पाण्याचा रंग मारला तर डाग खालून वर येतात, म्हणून तिथे ऑइल प्रायमर. काकांना वाटलं मी इंटरनेटवरून शिकून आलेय. आलेयच.

खिडकीची उत्तरेची भिंत अजून ओली, हात लावला की गार. तिथे प्लास्टिक पेंट नाही. जुना डिस्टेंपर पूर्ण खरवडला (नाहीतर चुना धरत नाही) आणि गेरूच्या चिमटीचा चुना मारला, या वेळी डिंक घालून. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. मारताना काहीच दिसत नाही, पाणी मारल्यासारखं, काका म्हणाले वहिनी हे काय, पैसे पाण्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा. बाकीच्या भिंतींचं उलटं, ओला रंग फिकट दिसला आणि वाळल्यावर अर्धी पायरी गडद झाला. म्हणजे दोन भिंती दोन दिशांनी चालत येऊन मध्ये भेटायच्या होत्या. भेटल्या नाहीत अगदी. चुन्याची भिंत जरा जास्त पांढरी आहे. खिडकीची भिंत नेहमी काळोखी दिसते कारण तिच्यावर खिडकीचा उजेड पडतच नाही, त्यामुळे ती पांढरी निघाली तर माझ्या पथ्यावरच.

२४ ऑगस्ट

ढगाळ. बाहेर ९,००० धरून कट्ट्यावर १८५. आडतीसवरून. खाली तीन फूट गेरूचा पट्टा, वर पाच नंबर, त्याच्यावर चुन्याची कौलं, मध्ये काळे वासे. फोटोत काही खास दिसत नाही, दादांना पाठवला तर म्हणाले रंग कधी देणार.

बुधवारी चतुर्थीला सगळे येतील. पंधरा माणसांचं जेवण.

१९ ऑक्टोबर

नारळाची झावळ पडून काचेचं एक कौल फुटलं होतं ते बदललं, बाकीची तीन घासली. पावसात त्यांच्यावर हिरवा थर धरतो, सप्टेंबरमध्ये आकडा १३० वर आला होता तो त्यामुळे, रंगाचा दोष नव्हता. वर्षातून दोनदा घासायची.

१६ नोव्हेंबर

आईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. आज पहिल्यांदा काळा चष्मा काढून स्वयंपाकघरात आल्या. दारात उभ्या राहिल्या, वर बघितलं, खाली बघितलं. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांत भिंत वेगळ्या रंगाची दिसते म्हणे, जुन्यात पिवळी, नव्यात तांबूस.

"ह्यो पांढरो नाय!"

नाही आई, गेरू आहे त्यात. पाच नंबर. तुम्हाला दाखवला होता.

"माका पांढरोच दिसा होतो." मग गेरूच्या पट्ट्यावरून हात फिरवला, कट्ट्यावर खोबऱ्याचा एक कण होता तो उचलून तोंडात टाकला, आणि दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं, जिथे मी तीन महिने रोज बघतेय.

"थंय काजळी रवली हा."